दिवाळीसाठी बुद्धिबळाची कोडी आणि सोसायट्यांची लीग : मदत हवी आहे

तिरकाउंट (ठाणे)

मंडळी, दोन गोष्टींत मदत हवीय, दोन्ही बुद्धिबळाच्याच म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

पहिली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत रोज सकाळी एक बुद्धिबळाचं कोडं टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी ज्यांनी केलं त्यांनी रोज "पांढऱ्याची चाल, दोन चालीत मात" छापाची टाकली. व्हायचं काय, की सी विंगमधला एक रेटेड पोरगा (म्हणजे स्पर्धांच्या निकालावरून ताकदीचा अधिकृत आकडा, रेटिंग, मिळालेला) लगेच उत्तर ठोकायचा, नाहीतर कुणीतरी फोटो काढून इंजिनला, म्हणजे फोनमधल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामला, विचारायचं, आणि बाकीचे परत गुड मॉर्निंगच्या फुलांकडे. मला अशी कोडी हवीत ज्यावर फराळ खाता खाता भांडण होईल. ज्याला फक्त सोंगट्या कशा चालतात एवढंच येतं त्यालाही तोंड घालता आलं पाहिजे.

दुसरी. आजूबाजूच्या सहा सोसायट्यांची मिळून टीम लीग काढायची म्हणतोय, चार बोर्डांची टीम. माझं मत (शिव्या घाला पण वाचा) असं की आपल्याकडे बुद्धिबळ म्हणजे रविवारी एका हॉलमध्ये शेकड्यानं पोरं आणि बाहेर पायऱ्यांवर त्यांचे आईबाप. चाळिशीतल्या नोकरदाराला खेळायला जागाच नाही. टेनिस बॉल क्रिकेटला गल्लोगल्ली टीमा, कॅरमला मंडळं, बुद्धिबळाला मात्र ज्यानं त्यानं एकट्यानं जायचं, एकट्यानं हरायचं आणि रिक्षा करून घरी यायचं. कुणी अशी लीग चालवली असेल तर नियम, वेळ, खर्च, भांडणं सगळं लिहा.

सदाशिव_पेठी

दिवाळीचं कोडं : चार घरचे चिवडे एका ताटात. कोणता कुणाचा ते ओळखा. इंजिन चालणार नाही.

घोडेस्वार

तिरकाउंट, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्हीच दिलंय. फोनला जे जमत नाही ते विचारा. इंजिनला जागा दिली की ते चाल सांगतं, पण "असं होऊ शकतं का?" या प्रश्नाला ते काही बोलत नाही. हे घ्या धनत्रयोदशीचं :

रिकाम्या पटाच्या ए१ या कोपऱ्यात घोडा (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८). प्रत्येक घरात एकेक पणती ठेवायची आहे. घोड्यानं आपल्या अडीच घरांच्या चालीनं फिरत सगळी ६४ घरं एकेकदाच घ्यायची आणि शेवटची पणती समोरच्या एच८ च्या कोपऱ्यात लावायची. मार्ग काढून दाखवा.

उत्तर आज देत नाही. खाली कुणी फोडू नका, वहीच्या कागदावर करून बघा.

अमृता_के

मी बसले होते रात्री. साठाच्या आसपास पोचते आणि मग कोपऱ्यात अडकते. नवरा म्हणतो वॉर्न्सडॉर्फची युक्ती वापर, म्हणजे जिथून पुढे सगळ्यात कमी चाली उरतात त्या घरात आधी जायचं. ती वापरून सगळा पट पुरा झाला हो, पण शेवट एच८ ला येत नाही म्हणजे नाही.

घोडेस्वार

ताई, जवळ आलात :) घरांच्या रंगाकडे बघा.

अमृता_के

अरे देवा. घोडा प्रत्येक चालीला रंग बदलतो. ६४ घरं म्हणजे ६३ चाली, विषम. काळ्या घरातून निघाला तर पांढऱ्यातच संपणार. ए१ आणि एच८ दोन्ही काळी. म्हणजे होणारच नाही! दोन तास घातले मी यात. तुम्हाला यंदा लाडू नाही.

घोडेस्वार

हेच तर पाहिजे ना तिरकाउंटना. ज्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही तोही यात भांडू शकतो. जाता जाता, घोड्यानं पट फिरायचा हा खेळ आपल्याकडे फार जुना आहे. नवव्या शतकातल्या रुद्रटाच्या काव्यालंकार या काव्यशास्त्राच्या ग्रंथात तुरगपदबंध आहे, अर्ध्या पटावर म्हणजे ३२ घरांत अक्षरं अशी मांडलीत की सरळ वाचलं तरी तोच श्लोक आणि घोड्याच्या चालीनं वाचलं तरी तोच. रांगोळीवाल्यांना सांगा, घोड्याच्या पूर्ण फेरीच्या रेषा जोडल्या की झकास ठिपक्यांची रांगोळी होते. दारात काढा, येणारा-जाणारा विचारेलच.

माईसाहेब

रांगोळी सोडा, माझ्याकडे वड्यांचं आहे. हे मला माझ्या गणिताच्या बाईंनी घातलं होतं. एक वडी पटाची बरोबर दोन शेजारची घरं झाकते. पूर्ण पटाला ३२ वड्या लागतील हे उघड आहे. आता समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाका. ६२ घरं उरली. ३१ वड्यांत झाकून दाखवा, वडी मोडायची नाही आणि पटाबाहेर जायची नाही. नातवंडांना मी खऱ्या नारळाच्या वड्या आणि पुठ्ठ्याचा पट देते. धाकटा कंटाळून उरलेली वडी खातो, तेही एक उत्तरच म्हणायचं.

(अमृता, तुझं रंगाचं लॉजिक इथंही चालतं, आता सांगू नकोस कुणाला.)

प्यादं_नंबर_पाच

मी आयुष्य, वय ११ वर्षं, हा माझ्या बाबांचा आयडी आहे. माझं कोडं : डाव १. ई४ नं (राजापुढचं प्यादं दोन घरं) सुरू होतो. पाचव्या चालीला घोडा हत्तीला मारतो आणि मात होते. सगळा डाव सांगा. आमच्या सरांना पण लवकर आलं नव्हतं.

शहकाटशह

हे कोडं खतरनाक आहे, याच्यावर मी एकदा अख्खा कोकणकन्या प्रवास घालवलाय. पांढऱ्याचा घोडा चार चालीत एच८ पर्यंत नेऊन हत्ती मारता येतो पण मात काही बसत नाही.

गोंयकार_मास्तर

शहकाटशह, पांढऱ्याचाच घोडा असं कुठं लिहिलंय रे त्या पोरानं?

शहकाटशह

…

…

गप्प बसतो.

बुर्जीवाले_आजोबा

बाळ, ई४ ही चालच आमच्या घरी पहिल्या चालीला होत नसे. प्यादं एकच घर पुढे जायचं. तुम्ही पोरं जे खेळता ते विलायती. आमच्याकडे राजाला शह मिळाला नसेल तर अख्ख्या डावात एकदा घोड्याची चाल करता यायची, किल्लेकोट वगैरे नाही. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा व्हायचं, हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. पाहिजे तेव्हा वजीर ही चैन नव्हती. समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी, म्हणजे अर्धी जीत. आणि प्याद्यानं मात केली तर त्या माणसाला आठवडाभर घरात मान. माझे वडील हातात डाव असताना सरळ वजिरानं मात करायचं सोडून प्याद्याच्या मागे लागत आणि मग हरत.

तिरकाउंट

आजोबा, हे सोनं आहे! याचं एक कोडं करता येईल का?

गोंयकार_मास्तर

मी देतो. चारच सोंगट्या. पांढरा : राजा बी६, प्यादं सी६. काळा : राजा ए१, हत्ती डी५. पांढऱ्याची चाल, जिंकायचंय.

ग्लासगोच्या एका वर्तमानपत्रात १८९५ साली ही जागा बरोबरी म्हणून चर्चेत होती, आणि तिथं राहणाऱ्या सावेद्रा नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं विजय शोधून काढला. एवढ्या एका चालीवर माणसाचं नाव राहिलं. प्यादं सी७ ला जातं, हत्ती मागून शह देत राहतो, राजा एकेक घर खाली उतरतो, बी५, बी४, बी३ आणि मग सी२. आता शह संपले. काळा हत्ती डी४ ला नेतो आणि इथं खरी गंमत. वजीर केला की हत्ती सी४ ला शह देतो, वजिरानं मारलं की काळ्याला चालच नाही, स्टेलमेट, म्हणजे डाव बरोबरीत. म्हणून सी८ ला वजीर करायचा नाही, हत्ती करायचा! मग ए८ वरून माताची धमकी, काळ्याला हत्ती ए४ ला आणावाच लागतो, पांढरा राजा बी३ ला, आणि एकाच वेळी हत्तीवर हल्ला आणि सी१ ला मात. संपलं.

ग्रुपवर टाकताना फक्त जागा टाका आणि विचारा, "सहाव्या चालीला काय करणार?" नव्वद टक्के लोक वजीर म्हणणार.

बुर्जीवाले_आजोबा

मास्तर, सी म्हणजे उंटाचं घर. आमच्या नियमानं तिथं उंटच होणार. मग समोर काळ्याचा हत्ती आणि आपल्याकडे उंट, जिंकणं सोडा, बरोबरी सुटली तरी पुष्कळ. तुमच्या पाद्र्याला आमच्या वाड्यात कुणी विचारलं नसतं.

गोंयकार_मास्तर

😂 आजोबा दंडवत. शंभरावर वर्षं जुनं कोडं तुम्ही एका ओळीत उलटवलंत.

सदाशिव_पेठी

तिरकाउंट, झालं की तुमचं पाडव्याचं कोडं. "विलायती नियमानं काय आणि देशी नियमानं काय?" सोसायटीतले सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे ग्रुपवर येतील आणि मग ग्रुप बंद करायला ॲडमिन शोधावा लागेल.

मिरजेचा_घोडा

सगळे कोडीच सोडवत बसलाय, लीगचं कोण बोलणार? तिरकाउंट भावा, तुझं "मोठ्यांना जागा नाही" हे ठाण्यापुरतं असंल. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासनं आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव इथं देवासारखं घेतात. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे, म्हणजे नंतरच्या ठिपसे, इथल्याच. स्वाती घाटे इथलीच. माझ्या लहानपणी मंडळात संध्याकाळी जाऊन बसलं की वकील, शिक्षक, हळद मार्केटमधले व्यापारी असे सगळे पटावर असायचे, पोरंच कमी. क्लासेस नंतर आले.

तिरकाउंट

मान्य, पण ते मंडळ आहे, लीग नव्हे. मी म्हणतोय टीम विरुद्ध टीम.

मिरजेचा_घोडा

तुमच्यात आधी रोज संध्याकाळी बसायची जागा करा की. जागा झाली की टीम आपोआप होते. नुसती लीग काढली तर ट्रॉफी वाटून झाल्यावर पुढल्या दिवाळीपर्यंत पट माळ्यावर.

लीड्सचा_बोर्ड_चार

इंग्लंडातून लिहितोय, यॉर्कशरमध्ये राहतो, इथं ही लीग भानगड मुरलेली आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

इथं शहरांच्या, काउंटीच्या लीग असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू, मे पर्यंत. आठवड्यातल्या मधल्या वारी संध्याकाळी साडेसात वाजता मॅच. जागा म्हणजे चर्चचा हॉल, सोशल क्लब, किंवा पबमागची खोली जिथं भिंतीपलीकडं फुटबॉल चालू असतं. टीममध्ये चार ते सहा बोर्ड, कुठं आठ. सगळ्यात तगडा पहिल्या बोर्डावर, मग उतरत्या रेटिंगनं. यातलं खरं सुख काय सांगू, मी चौथ्या बोर्डावर खेळतो, समोर जो येतो तो साधारण माझ्याएवढाच ढ असतो. दोघंही दिवसभर काम करून आलेले, दोघांनाही ओपनिंग दहा चालींपलीकडं येत नाही. पहिल्या बोर्डावर दोन तगडे एकमेकांना बरोबरीत धरतात आणि अख्खी मॅच माझ्या हत्ती-प्याद्याच्या एंडगेमवर येऊन अडकते, आणि माझे तिघं टीममेट कोट घालून मागं उभे, बोलायला बंदी, नुसते श्वास ऐकू येतात. ओपन टुर्नामेंटमध्ये माझ्या डावाकडं कधी कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

पूर्वी रात्री डाव संपला नाही तर पुढची चाल पाकिटात बंद करून डाव नंतर पुढे खेळत किंवा जागा कुणा तगड्या खेळाडूकडे निवाड्याला पाठवत, तो ठरवायचा कोण जिंकलं असतं. आता दर चालीला जादा सेकंद देणारी घड्याळं आल्यापासून हे जवळजवळ संपलं. आणि कॅप्टन ही जात फार महत्त्वाची. बुद्धिबळ बरं आलं नाही तरी चालेल, पण दुपारी तीन वाजता "माझ्या मुलाला ताप आहे" असा मेसेज आल्यावर साडेसातला दुसरा माणूस उभा करणारा पाहिजे. माणूस नाही मिळाला तर तो बोर्ड डिफॉल्ट, एक पॉइंट गेला.

क्रिसमसच्या आधीच्या शेवटच्या क्लब नाईटला मॅच नसते, मिन्स पाय, वाईन आणि कोडी. जोड्या पाडून खेळतात, एकानं फक्त सोंगटीचं नाव सांगायचं आणि दुसऱ्यानं चाल करायची. हे सोसायटीत करून बघाच, सासू-सून जोडी लावा.

सदाशिव_पेठी

सासूनं "वजीर" म्हणायचं आणि सुनेनं कुठं ठेवायचा ते ठरवायचं. घरोघरी हेच चालू आहे, पट कशाला लागतो.

माईसाहेब

मी सासू आहे आणि मी वजीर कधीच सोडत नाही, सांगून ठेवते.

शहकाटशह

लीड्सवाले, ब्रिटिश चॅम्पियनशिप आपल्या अभिजित कुंटेनं जिंकली होती ना?

लीड्सचा_बोर्ड_चार

हो, २००३ ला एडिंबरात. त्याच्या आदल्या वर्षी आर. बी. रमेश. लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडचेच, त्यानंतर इथल्या लोकांनी दारच बंद केलं, फक्त इथलेच खेळाडू. क्लबातले म्हातारे अजून काढतात तो विषय, अर्थात हसत.

वैतागलेली_आई

मला तिरकाउंट यांच्या "बाहेर पायऱ्यांवर आईबाप" या वाक्यावर बोलायचंय, कारण त्या पायऱ्यांवर मी असते. एका ओपन स्पर्धेला (नाव घेत नाही) सकाळी नऊची पहिली फेरी साडेअकराला सुरू झाली, का तर एंट्री हजार ठिकाणांहून आल्या आणि पेअरिंग, म्हणजे जोड्या लावणं, कोलमडलं. सहाशे माणसांना दोन टॉयलेट. माझी मुलगी आठ वर्षांची, तिनं त्या दिवशी एका काकांना हरवलं तर काका पट तसाच टाकून हात न मिळवता गेले. ती घाबरली. मोठ्यांना जागा नाही म्हणताय, पण मोठे पोरांशी हरायला तयार नाहीत हाही भाग आहे ना?

१४३०_वाला

ताई, त्या काकांच्या वतीनं सॉरी म्हणत नाही, हात मिळवायलाच पाहिजे होता. पण एक बाजू सांगतो. मी बेचाळीस वर्षांचा. माझं फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटना) रेटिंग १०५० होतं. २०२४ च्या मार्चमध्ये फिडेनं खालची मर्यादा १००० वरनं १४०० केली आणि २००० च्या खाली असणाऱ्यांना एकदाच वाढ दिली, २००० पर्यंत जेवढे कमी त्याचे ४० टक्के. म्हणजे मला ३८० मिळाले, एका रात्रीत १४३० झालो, ऑफिसात पेढे वाटले. पुढच्याच टुर्नामेंटला समोर रेटिंग नसलेलं नऊ वर्षांचं पोरगं, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि त्यानं मला बावीस चालीत गुंडाळला. ही पोरं कोचकडे रोज तीन-तीन तास बसतात, रेटिंग त्यांच्या ताकदीच्या मागून धावत असतं. आम्ही हरतो याचं दुःख नाही, पण सहा फेऱ्यांत पाच वेळा तेच झालं की माणूस परत पैसे भरत नाही. म्हणून मला लीगचं चौथ्या बोर्डाचं गणित पटलं. माझ्यासमोर माझ्यासारखाच ढ द्या.

नागपुरी_वजीर

काय राजेहो, इथं आमच्या दिव्या देशमुखचं नावच नाही घेतलं कोणी! २०२५ च्या जुलैत बटुमीला महिलांचा वर्ल्डकप मारला, थेट ग्रँडमास्टर झाली, ते पण फायनलला आपल्याच कोनेरू हम्पीला हरवून. आमच्या गल्लीत तेव्हापासून पट विकत घ्यायला दुकानात रांगा लागून राहिल्या. आता ही पोरं येतीलच ना बे पुढं, ढ लोकांची लीग कशाला वेगळी काढता? पोरगं बोर्ड एकवर, आजोबा बोर्ड चारवर, एकाच टीममध्ये टाका. मग पोरगं आजोबांचा डाव मागं उभं राहून बघते अन् नंतर शिकवते. वैतागलेल्या ताईंचा प्रश्न पण तिथंच सुटते.

वैतागलेली_आई

हे मला आवडलं. माझ्या मुलीला टीम मिळाली तर ती रविवारी रडणार नाही. एकटीनं हरली की गाडीत रडते.

जुना_पंच

मी बरीच वर्षं आर्बिटर, म्हणजे पंच, म्हणून काम करतो, आता कामाचं बोलू.

सहा सोसायट्या असतील तर स्विस (दर फेरीला सारख्या गुणांच्यांची गाठ घालायची पद्धत) नको, साखळी घ्या. प्रत्येकाची प्रत्येकाशी एक मॅच, पाच फेऱ्या, एकूण १५ मॅचेस, चार बोर्डांच्या म्हणजे ६० डाव. वेळ १५ मिनिटं अधिक दर चालीला ५ सेकंद. साठ चालींचा डाव झाला तरी एकेकाचे २० मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या आत मॅच आटपते, एका संध्याकाळी दोन फेऱ्या बसतात. पाच मिनिटं अधिक तीन सेकंद ठेवू नका, तो ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, होतो आणि आजोबा मंडळींचे हात घड्याळापर्यंत पोचत नाहीत.

मॅचचे गुण वेगळे ठेवा, जिंकली तर २, बरोबरी १. सारखे झाले तर बोर्डाचे गुण मोजा. नुसते बोर्डाचे गुण मोजले तर तगडी सोसायटी कमकुवत सोसायटीला चार-शून्य मारून सगळं ठरवून टाकते, शेवटच्या फेरीत मजा राहत नाही.

बोर्डाचा क्रम पहिल्या दिवशी लिहून घ्या आणि मग बदलायचा नाही. हे नाही केलं तर दुसऱ्या फेरीला कुणीतरी आपला सगळ्यात कच्चा माणूस पहिल्या बोर्डावर बळी देतो आणि तगडे तिघं खाली उतरवतो. दरवेळी होतं, दरवेळी करणारा म्हणतो "नियमात कुठं लिहिलंय?"

हात लावला की चालवायचं हे आधी जाहीर वाचून दाखवा. सोंगटी सरळ करायची असेल तर आधी बोलायचं. आणि शह दिल्यावर "शह" म्हणायचं बंधन नाही, यावर निम्मी भांडणं होतात. काका म्हणतात त्यानं सांगितलंच नाही. नाहीच सांगायचं काका, बघायचं.

चुकीची चाल झाली आणि समोरच्यानं दाखवली तर त्याला दोन मिनिटं जास्त, दुसऱ्यांदा झाली तर डाव गेला. हौशी लीगला हे कडक वाटेल, पहिल्या वर्षी तुम्ही दुसऱ्यांदालाही दोनच मिनिटं द्या. मोबाईल मात्र पूर्ण बंद, खिशात नको, टोपलीत.

तिरकाउंट

सर, टोपली म्हणालात तिथंच मी बोर्डावर नोटीस लावली समजा. घड्याळांचं काय? डिजिटल घड्याळ आमच्याकडे एकच आहे.

जुना_पंच

मोबाईलचं घड्याळाचं ॲप चालतं, पण मग तो मोबाईल दोघांपैकी कुणाचा नको, संयोजकाचा, फ्लाइट मोडवर, पटाशेजारी सरळ पडलेला. एकावेळी एकच मॅच लावलीत तर चारच लागतात. तेवढी गोळा होतील.

१४३०_वाला

लीगमध्ये बाहेरचा माणूस आणायची परवानगी आहे का? मित्राच्या भाच्याचं रेटिंग १९०० आहे, तो आमच्याकडं "पाहुणा" म्हणून राहू शकतो लीग संपेपर्यंत.

जुना_पंच

बघितलंत? अजून लीग सुरू झाली नाही.

मिरजेचा_घोडा

हाहाहा. पाव्हणा रेटेडच कसा निघतो नेमका.

अमृता_के

एक विचारू? चार बोर्डांत एक तरी बाई पाहिजे असा नियम ठेवला तर? आमच्या सोसायटीत खेळणाऱ्या बायका आहेत पण टीम निवडताना "वहिनी तुम्ही स्कोअर लिहा ना" असं होतं. १९७४ ला पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारी वासंती खाडिलकर मुंबईची. तिघी बहिणी खेळायच्या, रोहिणी खाडिलकर तर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती. पन्नास वर्षं होऊन गेली आणि आम्ही स्कोअर लिहायचा?

शहकाटशह

सक्ती नको, कुठल्या सोसायटीत नाही मिळाली तर बोर्ड रिकामा जाईल.

वैतागलेली_आई

रिकामा जाईल म्हणून सक्ती हवी. एक पॉइंट जातोय म्हटल्यावर कॅप्टन स्वतः चौथ्या मजल्यावर बेल वाजवत जाईल. नाहीतर कुणी वर चढत नाही.

लीड्सचा_बोर्ड_चार

ताईंशी सहमत. डिफॉल्टची भीती ही लीगची सगळ्यात मोठी ताकद आहे. मला पहिल्यांदा असंच ओढून नेलं होतं, माणूस कमी पडला म्हणून.

शहकाटशह

मग पन्नाशीपुढचा एक, बाराच्या आतला एक, बाई एक. उरला एक बोर्ड आणि त्यासाठी आम्ही सगळे कर्तबगार पुरुष. बरं.

माईसाहेब

पन्नाशीपुढची बाई मी एकटीच दोन जागा भरते की. उरलेले दोन बोर्ड घ्या तुम्ही.

गोंयकार_मास्तर

विषयांतर करतो. २०२५ च्या नोव्हेंबरात वर्ल्डकप आमच्या गोव्यात होता, ट्रॉफीला आनंदचं नाव, उझबेकिस्तानचा सिंदारोव ती घेऊन गेला. कोडी देणाऱ्यांसाठी एक ऐतिहासिक खाऊ : १८४५ मध्ये इंग्लंडच्या एका बुद्धिबळ मासिकात एक कोडं छापून आलं, पाठवणारा हिंदुस्थानातला, सही "शागिर्द". तो लव्हडे नावाचा इथला इंग्रज पाद्री निघाला. त्यातली कल्पना, आपलाच मोहरा लांब मागे न्यायचा, मध्ये दुसरा आणून त्याला झाकायचा, म्हणजे काळ्या राजाला हलायला जागा मिळते आणि स्टेलमेट टळतो, आणि मग पडदा उघडून मात. कोडी रचणारे जगभर अजून याला इंडियन थीमच म्हणतात. पुन्हा पाद्रीच बघा. यांना रविवार सोडून बाकी दिवस मोकळा वेळ असणार.

बुर्जीवाले_आजोबा

शागिर्द म्हणवून घेतलं म्हणजे उस्ताद इथलाच कुणीतरी असणार.

प्यादं_नंबर_पाच

माझ्या कोड्याचं उत्तर कुणीच नाही दिलं. मी सांगू का??

तिरकाउंट

सांग बाळा, सगळे हरले.

प्यादं_नंबर_पाच

१. ई४, घोडा एफ६. २. एफ३, घोडा ई४ चं प्यादं खातो. ३. वजीर ई२, घोडा जी३. ४. वजीर ई७ चं प्यादं खातो शह, काळा वजीर त्याला खातो शह. ५. राजा एफ२, घोडा एच१ चा हत्ती खातो, मात!! राजाला ई१ ई२ ई३ वर वजीर, जी३ वर घोडा, बाकी त्याचीच माणसं.

नागपुरी_वजीर

लय भारी बे पोरा! पांढऱ्यानं आपल्याच पायावर कुऱ्हाड नाही, अख्खा वजीर मारून घेतला.

शहकाटशह

आणि मी कोकणकन्येत बोगद्यामागून बोगदे पांढराच घोडा पळवत होतो.

तिरकाउंट

आमचं ठरलं ते टाकतो. वसुबारसेला वड्या, धनत्रयोदशीला घोडा आणि पणत्या, नरक चतुर्दशीला आयुष्यचं पाचव्या चालीचं, लक्ष्मीपूजनाला कोडं नाही कारण कुणी वाचणार नाही, पाडव्याला पाद्री विरुद्ध आजोबा. भाऊबीजेचं अजून रिकामं आहे. लीगला सहापैकी चार सोसायट्या "हो" म्हणाल्यात, पाचवी विचारतेय की जेवण आहे का. पन्नाशी, बारा आणि बाई हे तिन्ही नियम कमिटीत मांडले. बाईचा मंजूर झाला, पन्नाशीचा झाला, बाराच्या आतल्याला विरोध झाला कारण सी विंगचा तो रेटेड पोरगा बारा पूर्ण होऊन दोन महिने झालेत आणि त्याचे बाबा कमिटीत आहेत.

घोडेस्वार

भाऊबीजेला हे टाका : पटावर कमीत कमी किती वजीर ठेवले म्हणजे एकही घर त्यांच्या माऱ्यातून सुटणार नाही? लोक आठ म्हणतील, कारण आठ वजिरांचं जुनं कोडं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ते एकमेकांना न मारता बसवायचं, त्याच्या ९२ मांडण्या आहेत. हे वेगळं. उत्तर पाच.

सदाशिव_पेठी

उत्तरच सांगून टाकलंत?

घोडेस्वार

पाच पुरतात एवढंच सांगितलं. कुठं ठेवायचे ते बसवून दाखवा ना.

१४३०_वाला

पाहुण्याबद्दल कमिटी काय म्हणाली?

तिरकाउंट

मेंटेनन्सची पावती दाखवायची म्हणाली.